कुंपणाची पट्टी

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही मुलावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. मुलांचा मला राग येतच नाही. मोठ्या माणसांचा येतो, आणि आला की लवकर जात नाही. शिट्टीसरांचा आला, तो वर्षभर टिकला.

शिट्टीसर म्हणजे आमच्या शाळेचे समूहगानाचे सर. हे नाव मुलांनी ठेवलेलं. त्यांच्या गळ्यात दोरीला एक गोल, चपटी शिट्टी असते. ती फुंकली की गाण्याची पट्टी मिळते, म्हणजे किती उंचावरून गाणं सुरू करायचं ते कळतं. उजव्या हातात बारीक काठी. दहा वर्षांपूर्वी ते शाळेत आले आणि समूहगान माझ्याकडून त्यांच्याकडे गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण सांगण्यासारखं नाही. मला जिन्याखालची खोली मिळाली, चार सूर मुके झालेला एक पियानो मिळाला, आणि इतर कुणालाच नको असलेली मुलं मिळाली.

तीच माझी खरी कमाई. एक मुलगा बोलताना प्रत्येक शब्दाला अडायचा आणि गाताना एकदाही नाही. दोघी बहिणी परक्या मुलखातून आलेल्या. त्या गाण्याचे शब्द आधी शिकल्या आणि पाणी मागायला नंतर. एक जण पहिले सहा महिने टेबलाखालून बाहेर आलाच नाही, तेव्हा मीही गुडघे मोडेपर्यंत टेबलाखाली बसून शिकवलं. दादोबा नावाने ओळखला जाणारा एक अकरा वर्षांचा गडी होता, ज्याचा आवाज फोनवर ऐकून लोक त्याला 'काका' म्हणायचे. आणि भिंगरी.

भिंगरीच्या दोन्ही कानांत मशीन. ती पाच वर्षांची असताना माझ्याकडे आली. स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून भिंगरी. मी तिच्या दोन्ही तळव्यांत फुगवलेला फुगा द्यायची आणि दुसऱ्या बाजूने तोंड लावून गायची. फुगा थरथरला की ती खुदकन हसायची. मग ती माझ्या पाठीवर हात ठेवायला लागली, मग दादोबाच्या. दादोबा घुमवायचा, 'हंऽऽ', आणि त्याच्या पाठीतून तिला सूर सापडायचा. चार वर्षं गेली यात. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा एक अख्खी ओळ न घसरता म्हटली, त्या दिवशी घरी जाऊन मी आमच्या ह्यांना ते इतक्या वेळा सांगितलं की शेवटी हे म्हणाले, "बास. आता मलाच ती ओळ पाठ झाली."

शाळांच्या समूहगान स्पर्धेत मंचावर चाळीस मुलं असावीच लागतात. शिट्टीसरांना हवे तसे बारीक, उंच आवाज शाळेत मिळायचे सव्वीस. उरलेली चौदा मुलं ते माझ्या खोलीतून न्यायचे आणि मागच्या रांगेत उभी करायचे. त्या रांगेला त्यांनी नाव दिलं होतं कुंपण. कुंपणाने नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही.

मी जाऊ दिलं त्यांना. इस्त्रीचे कपडे, मंचावरचे दिवे, समोर आईबाप. पोरं हरखलेली असायची. चषक दरवर्षी यायचा.

गेल्या वर्षीच्या तालमीत भिंगरी गायली. मुद्दाम नाही. दादोबा शेजारी होता, तिला आनंद झाला असेल, आला आवाज. शिट्टीसरांनी काठी खाली घेतली. रांगांमधून वाट काढत ते मागे गेले, गळ्यातली शिट्टी तिच्या कानातल्या मशीनपाशी धरली आणि जोरात फुंकली.

मशीनमधून तो आवाज किती मोठा होऊन आत जातो, हे मला माहीत आहे. भिंगरी किंचाळून खाली बसली.

"ऐकू आलं ना?" सर म्हणाले. "मग आता नीट ऐक. कुंपण गात नाही."

काही मुलं हसली. मी दारात पाण्याची बाटली घेऊन उभी होते, आणि मी काही बोलले नाही. मनात जुळवाजुळव करेपर्यंत त्यांनी काठी वर केली आणि गाणं सुरूही झालं.

त्यानंतर भिंगरी माझ्या खोलीतही गाईना. रोज यायची, दादोबाच्या पाठीवर हात ठेवायची, तो घुमवायचा आणि ही नुसते ओठ हलवायची. शब्द बिनचूक, आवाज शून्य.

"अगं, आवाज कुठे गेला?" मी तिच्यासमोर तोंड करून विचारलं. माझे ओठ दिसले की तिला सगळं कळतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी पुटपुटलं तरी ती वाचते.

"ठेवलाय."

"कुठे?"

"नाही सांगणार."

मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटावरच्या चषकांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "सर जरा कडक आहेत. पण निकाल देतात ना." मी जिना उतरून खाली आले. खाली येईपर्यंत माझं ठरलं होतं की या माणसाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं. कसं, ते मात्र कळत नव्हतं.

वाट स्पर्धेच्या समितीतूनच निघाली. सहा शाळांचे एकेक वडीलधारे शिक्षक किंवा शिक्षिका समितीवर असतात. आमच्या शाळेकडून मी, कारण बाकीच्यांना कामं असतात. पाच वर्षं मी तिथे बसून चहाच पीत होते. या वर्षी अध्यक्षांनी सवयीप्रमाणे विचारलं, "नियमांत काही बदल?" आणि मी हात वर केला.

म्हटलं, "मागच्या रांगेतल्या मुलांचा आवाज परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. बिचारी तीही तेवढीच मेहनत करतात. गाणं झालं की शेवटच्या रांगेने पहिलं कडवं वेगळं म्हणावं. त्याला शंभरातले तीस गुण ठेवावेत."

अध्यक्ष शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, मऊ मनाचे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुमचा जीव कसा त्या मागच्या पोरांत अडकलाय बघा!" शेजारच्या शाळेच्या बाईंनी माझा हात दाबला. नियम एकमताने पास झाला. मी मान खाली घालून बिस्किट खात होते. वर बघितलं असतं तर माझ्या डोळ्यांत काय होतं ते सगळ्यांना दिसलं असतं.

पत्रक आठवड्याभरात शाळेत आलं. शिपाईमामा वही आणि पत्रक घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. शिट्टीसर खिडकीपाशी काठीला तेल लावत होते.

"सर, वाचून सही करा."

"अहो मामा, दहा वर्षांत या कागदावर नवीन काय आलंय? तारीख तेवढी बदलते." सरांनी सही ठोकली. खाली 'वाचले' असंही लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही समितीवर असता ना? काही नवीन ठरतं का तिथे, की नुसता चहा?"

माझ्या हातातली सुई थांबली. मी एका मुलाच्या सदऱ्याचं बटण लावत होते.

"पत्रकात असतं सगळं," मी म्हटलं.

"ते वाचायला तुमच्यासारखा निवांतपणा हवा."

"तेही खरंच," मी म्हटलं आणि गाठ मारून दोरा तोडला.

पुढचे तीन दिवस मी मजेत होते. भाजी चिरताना, पाणी भरताना डोळ्यांसमोर तेच. परीक्षक म्हणतायत, 'शेवटची रांग'. चौदा तोंडं उघडतायत. आवाज नाही. आणि शिट्टीसर, भर मंचावर, घामाघूम. आमच्या ह्यांनी एकदा विचारलंही, "कसलं हसू येतंय एवढं?" मी सगळं सांगितलं. हे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. बारीक बघायची सवय. म्हणाले, "झकास. पण त्या चित्रात तुझी पोरं कुठे उभी आहेत?"

त्या दिवशी मला जेवणही गेलं नाही. हजार माणसांसमोर तोंडं वासून उभी राहिलेली ती चौदा मुलं माझीच होती. मला सरांचा चेहराच इतका स्पष्ट दिसत होता की मागचं काही दिसलंच नव्हतं.

"मग शिकव त्यांना ते कडवं," हे म्हणाले.

"शिकवलं तर तीस गुण मिळतील. चषक मिळेल. आणि तो उचलणार कोण? तोच."

"मग नको शिकवू."

"तेही नाही जमणार."

"मग बस तशीच," असं म्हणून ह्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

दोन दिवस बसले तशीच. मग मी शिकवायला लागले. मनाची समजूत काढली, की चषक मिळाला तर मिळो, पण ज्यांना कुंपण म्हणतो ते गातं हे त्याला सगळ्यांसमोर ऐकावं लागेल. तेही काही कमी नाही. सूड थोडा लहान झाला, पण सोडला नव्हता.

गाणं होडीचं होतं. सरांनी ते त्यांच्या उंच पट्टीत बसवलेलं. माझ्या चौदांपैकी नऊ-दहा जणांचं दुखणं एवढंच होतं की त्यांचे आवाज खालचे. त्यांना त्या उंचीवर चढवलं की ते फाटायचे, आणि लोक म्हणायचे यांना सूर नाही. मी तेच कडवं खूप खाली आणलं, पार दादोबाच्या आवाजापर्यंत. तिथे ते असं लागलं की पहिल्या दिवशी आम्ही सगळे गप्पच झालो. अडखळणारा मुलगा हळूच म्हणाला, "ब-ब-बाई, हे आपणच?"

"आपणच. पण हे आपलं गुपित. सरांना सांगायचं नाही."

चौदा मुलांनी दोन महिने गुपित ठेवलं. सरांच्या तालमीत ओठ हलवायचे, माझ्या खोलीत गायचे. मुलांना मी असं लपवाछपवीचं काही कधी शिकवलं नव्हतं. त्या वर्षी शिकवलं.

भिंगरी मात्र नाहीच. हात दादोबाच्या पाठीवर आणि आवाज ठेवलेला.

स्पर्धेच्या दिवशी मी समितीच्या टेबलापाशी होते, परीक्षकांच्या शेजारी, मंचाच्या अगदी समोर. स्पर्धा सुरू झाली की समितीतल्या कुणीही मंचाजवळ जायचं नाही, हा नियम जुनाच. आमच्या शाळेचा नंबर तिसरा. शिट्टीसर आपल्या मुलांना दुसऱ्यांचं गाणं कधी ऐकू देत नाहीत, त्याने सूर बिघडतो म्हणतात. दरवर्षीप्रमाणे ते सगळ्यांना घेऊन मागच्या अंगणातल्या खोलीत दार लावून बसले होते. म्हणजे पहिल्या दोन शाळांचं काय झालं, हे त्यांना कळणार नव्हतं.

पहिली शाळा गायली. परीक्षक बाई, पांढऱ्या केसांच्या आणि खणखणीत आवाजाच्या, म्हणाल्या, "आता शेवटची रांग." त्या शाळेच्या सरांनी कीबोर्डवर सूर दिला, मुलांनी तो उचलला आणि कडवं म्हटलं.

आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

सूर दिला. अर्थातच दिला, गाण्याआधी सूर द्यावाच लागतो. आमच्या मुलांना तो शिट्टीसर देणार. त्यांच्या शिट्टीवर, त्यांच्या उंच पट्टीत. माझी मुलं कडवं शिकली होती ते पार खाली. एकतीस वर्षं मुलांना पट्टी शिकवणाऱ्या बाईने, मंचावर पट्टी कोण देणार याचाच विचार केला नव्हता. माझ्या खोलीत दादोबा घुमवायचा आणि सगळे सुरू व्हायचे. मी ते इतकं गृहीत धरलं होतं.

उठून जाता येत नव्हतं. गेले असते तर शाळा बाद.

आमची शाळा आली. सव्वीस जण सुरेख गायले. पहिल्या रांगेतल्या लांब वेणीच्या मुलीने मधली ओळ एकटीने म्हटली तेव्हा तर परीक्षक बाईंनी डोळे मिटले. टाळ्या झाल्या. सर वाकून नमस्कार करून वळणार, तेवढ्यात परीक्षक बाई म्हणाल्या, "आता शेवटची रांग. पहिलं कडवं."

सर हसत होते, ते हसू तसंच राहिलं. "शेवटची म्हणजे?"

"मागची, सर."

"असा काही नियम नाही."

अध्यक्षांनी कागद वर धरला. "तीन महिन्यांपूर्वी पत्रक गेलंय. सही आहे तुमची. 'वाचले' असंही लिहिलंय."

सभागृहात कुणीतरी हसलं. सर मागच्या रांगेकडे वळले. इतक्या वर्षांत त्या रांगेकडे त्यांनी तोंड करून पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. मग त्यांनी शिट्टी फुंकली. उंच. दोघा-तिघांनी त्या उंचीवर उडी मारून पाहिली. आवाज फाटले आणि विरले. पुन्हा हशा. सरांनी पुन्हा शिट्टी फुंकली आणि काठी वर केली.

काठी हलली, आणि माझ्या चौदाही मुलांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने ओठ हलवायला सुरुवात केली.

आवाज नाही. चौदा तोंडं उघडतायत, मिटतायत, शब्द बिनचूक, आणि सभागृहात पंख्यांची घरघर तेवढी. लोकांना वाटलं माइक बंद पडला. माइकवाला धावत आला, त्याने टिचकी मारली, टक्‌ टक्‌. माइक चालू होता. पोरं ओठ हलवतच होती. हे तेच चित्र होतं, जे मी तीन दिवस भाजी चिरताना पाहिलं होतं. सरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. सांगायला लाज वाटते, पण एक क्षण मला ते गोड लागलं. मग टेबलाखाली बसणारा माझा पोरगा दिसला. त्याचे डोळे मला शोधत होते.

"सर," परीक्षक बाई म्हणाल्या, "ती काठी जरा खाली ठेवा."

काठी खाली गेली. ओठ थांबले.

"मुलांनो, गाणं येत नाही का तुम्हाला?"

दादोबा म्हणाला, "येतं." त्याचा आवाज ऐकून पुढच्या ओळीतले लोक दचकले.

"मग म्हटलं का नाही?"

"काठी हलली की म्हणायचं नसतं. आम्ही कुंपण आहोत."

अध्यक्षांनी हातातला कागद खाली ठेवला. सर म्हणाले, "मुलं आहेत, काहीतरी बोलतात," पण ते माइकपासून लांब होते.

"आता म्हणा," परीक्षक बाई म्हणाल्या.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी सुरुवात करायची? भिंगरी दादोबाच्या शेजारीच होती. गाण्याआधी ती रोज जे करते, तेच तिने केलं. दादोबाच्या पाठीवर हात ठेवला. आणि पाठीवर हात आला की दादोबा जे करतो, तेच त्याने केलं. 'हंऽऽ'. खालचा, भरलेला, आमच्या पट्टीतला सूर. रांगेने तो उचलला.

ते कसे गायले हे मी लिहीत नाही. मी त्यांची बाई आहे, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? एवढंच सांगते, की पंखे फिरत होते आणि कुणाला त्यांची घरघर ऐकू येत नव्हती. मी भिंगरीच्या गळ्याकडे बघत होते. आवाज निघत होता की नाही, एवढ्या सगळ्यांच्या सुरात मला कळलं नाही.

शिट्टीसर मधोमध उभे होते. हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. हे गाणं आपलंच असं दाखवायला त्यांनी मुलांबरोबर ओठ हलवायला सुरुवात केली. पण आवाज इतक्या खाली जाईना, नुसतेच ओठ. मी खुर्चीत जरा पुढे झाले आणि दातांखाली पुटपुटले, "आता हलव ओठ. हलव, मेल्या."

चषक मिळाला नाही. मागच्या रांगेला तिसांपैकी एकोणतीस गुण पडले, पण चाळीस गाणारे हवेत तिथे चौदांना गप्प ठेवलं म्हणून शाळाच बाद झाली. परीक्षक बाईंनी ते माइकवरून जाहीर केलं. एवढं मला सुचलंही नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवर माझे चौदा जण दंगा करत होते आणि पुढच्या सीटवर सव्वीस जण रडत होते. लांब वेणीची मुलगी खिडकीला कपाळ टेकून बसली होती. तिचं हे शाळेतलं शेवटून दुसरं वर्ष. या सव्वीस जणांनी काय केलं होतं? सुरेख गायले होते, बस. माझ्या तीन महिन्यांच्या बेतात ते एकदाही आले नव्हते.

भिंगरी येऊन माझ्या शेजारी बसली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही सरांना म्हणालात. मी वाचलं."

"काय वाचलं?"

तिने माझ्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता, माझेच शब्द ओठांनी म्हटले. 'मेल्या'सकट. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"असं म्हणू नये, बाळा. चुकलं माझं."

"मी पण म्हणाले सरांना," भिंगरी म्हणाली आणि पाय हलवत खिडकीबाहेर बघायला लागली. ती खूष होती. आवाज कुठे ठेवला, कसा काढायचा, याचा एवढा विचार मी केला. आणि हे मात्र ती माझ्याकडून एका नजरेत शिकली.

आठवड्याने शिट्टीसर जिन्याखालच्या माझ्या खोलीत आले. दहा वर्षांत पहिल्यांदा. मुलांची खुर्ची ओढून बसले. गुडघे हनुवटीला लागत होते.

"बाई, एक सही हवी होती."

पत्रक आपल्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, असा तो अर्ज होता. खाली समितीच्या सदस्याच्या सहीसाठी जागा सोडलेली.

"पण पोहोचलं होतं की."

"ते आपल्यालाच माहीत आहे."

"शिपाईमामांना माहीत आहे. वहीत आहे."

"वहीचं मी बघतो. तुमची सही असली की मोठ्या बाई ऐकतील. नाहीतर मला ग्रंथालयात बसवणार आहेत, पुस्तकांना कव्हरं घालायला. दोन वर्षं राहिलीत माझी."

"काम शांत असतं ते."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मी तुम्हाला विचारलं होतं, काही नवीन ठरतं का म्हणून. तेव्हा सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"सांगायचं नव्हतं म्हणून."

ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मी त्या मुलीला मारलं नव्हतं. लहानपणी मलाही मागे उभं करायचे, बाई. गायचं नाही म्हणून सांगायचे. घरी जाऊन मी इतका सराव केला की एक दिवस पुढे आलो. म्हटलं, यांनाही तशीच चीड येईल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं कसं वाटतं ते."

मला त्यांची दया यायला हवी होती. एखाद्या मुलाने हे सांगितलं असतं तर मी त्याला जवळ घेतलं असतं. पण मुलाने मशीनपाशी शिट्टी फुंकली नव्हती. मी अर्ज पुन्हा एकदा सावकाश वाचला, चवीने वाचला, आणि घडी घालून त्यांच्या हातात दिला.

"मागची बाजू कोरी आहे सर. टाकू नका. कव्हरं घालताना नावं लिहायला उपयोगी पडेल."

ते गेले. त्या दिवशी घरी जाताना मी बसची वाट न बघता चालत गेले, आणि गुडघे दुखले नाहीत. हे म्हणाले, "झालं समाधान?" मी हो म्हटलं. ते खरं होतं. आजही आहे.

समूहगान पुन्हा माझ्याकडे आलं. निवृत्तीआधीचं माझं एक वर्ष उरलंय. पहिल्या तासाला चाळीसही जण वरच्या मोठ्या खोलीत उभे होते. मी म्हटलं, आता पुढे-मागे काही नाही, आवाजाप्रमाणे उभे राहा, ज्याची जी पट्टी ती मी शोधून देईन. भिंगरी दादोबापाशी गेली. माझे चौदा जण लगेच पांगले. सव्वीस जण जागचे हलले नाहीत.

लांब वेणीची मुलगी पुढे आली. "बाई, एक विचारू?"

"विचार ना."

"तो नियम तुम्ही केलात?"

खोटं बोलता आलं असतं. समितीने केला, म्हणता आलं असतं.

"हो."

"आम्हाला सांगितलं का नाही? आम्ही मागच्यांना शिकवलं असतं. आम्ही काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

तिने मान हलवली, जणू उत्तर वहीत उतरवून घेतलं, आणि ती जागेवर गेली. मी त्या खोलीतल्या पियानोवर तिची पट्टी वाजवली. एकोणचाळीस जण गायले. काही मनापासून, काही नाइलाजाने. ती तोंड मिटून, हात मागे बांधून, सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली.

गाणं संपलं. मी तोच सूर पुन्हा दिला, तिच्याकडे बघून. तिने तोंड उघडलं नाही. डोळ्यांतही पाणीबिणी काही नव्हतं. ती घाईत नव्हती. मी कुठे बसते, काय करते, काय विसरते, हे ती नीट बघून ठेवत होती.

"उद्या पुन्हा," मी म्हटलं.

"हो बाई," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात.